ओल्या रस्त्यावर स्कूटर

पावसाळ्यात रस्ता सर्वांत निसरडा असतो तो मुसळधार पावसात नव्हे, तर पहिल्या हलक्या सरीत. उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ त्या पाण्यात कालवली जाऊन डांबरावर बुळबुळीत थर चढतो. सिग्नलपाशी त्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. पुढचा जोराचा पाऊस तो धुऊन नेतो.

स्कूटरची चाके लहान, बहुधा 10 किंवा 12 इंची. म्हणून पाण्याखाली दडलेला खड्डा तिला मोटारसायकलपेक्षा अधिक घातक. झेब्रा पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि रूळ यांवर टायरची पकड सुटते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत, तेव्हा ब्रेक लावू नये.

1 एप्रिल 2019 पासून भारतात 125 सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरींना कम्बाइन्ड ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे आहे. कम्बाइन्ड ब्रेकमध्ये सहसा डावी मूठ दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. मात्र चाक जागीच अडकण्यापासून वाचवते ते एबीएसच. ड्रम ब्रेक भिजले तर नीट लागत नाहीत. पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालवत ते दोन-तीनदा हलके दाबावेत, लायनर वाळतात.

साचलेल्या पाण्यात बंद पडलेली स्कूटर तिथेच स्टार्ट करण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.