विश्लेषण : ‘विक्रांत’ भंगारात गेली, मग तिची विमानं कुठे आहेत?

मुंबईत अकरा वर्षं संग्रहालय म्हणून उभी असलेली पहिली ‘आयएनएस विक्रांत’ २०१४ मध्ये तोडायला घेतली. त्या नौकेवरून १९७१ च्या युद्धात उडालेल्या विमानांच्या जोडीची विमानं मात्र आजही एका आवारात शेजारी शेजारी उभी आहेत, गोव्यात दाबोळी विमानतळाला लागून. दिवाळीच्या सुट्टीत तलासरीला राहणाऱ्या आठवीतल्या भाच्याला घेऊन मी हे संग्रहालय पाहून आलो. डहाणूच्या किनाऱ्यावरून तटरक्षक दलाचं विमान गेलं की तो मान वर करून बघत राहतो, म्हणून हा बेत ठरला. तिथे त्याने ‘मामा, हे असं का?’ म्हणून जे विचारलं, त्यातले बरेच प्रश्न तुम्हालाही पडतील. त्यांची ही उत्तरं.

हे संग्रहालय नेमकं काय आहे?

नौदलाचं हे हवाई संग्रहालय वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. बाहेरच्या आवारात विमानं आणि हेलिकॉप्टर उघड्यावर मांडली आहेत. आतल्या दालनांत इंजिनं, पाणतीर, बॉम्ब, जुने फोटो आणि नौकांच्या प्रतिकृती आहेत.

नौदलाने १९५३ मध्ये घेतलेलं सीलँड हे पाण्यावरही उतरणारं छोटं विमान इथे आहे. फायरफ्लाय, व्हँपायर, भारतात तयार झालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, चेतक आणि सी किंग हेलिकॉप्टर, शिवाय अजस्र सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची जवळपास पहिली चाळीस वर्षं तासाभरात पायी फिरून बघता येतात.

गोव्यातच का?

याचं उत्तर १८ डिसेंबर १९६१ या तारखेत आहे. गोवा मुक्तीच्या कारवाईत त्या सकाळी हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उद्ध्वस्त केलं.

डहाणू-तलासरीकरांसाठी याच दिवसाचा आणखी एक धागा जवळचा आहे. आपल्या शेजारचं दमणही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होतं. त्याच पहाटे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने दमणवर चाल केली आणि हवाई दलाच्या मिस्टेअर विमानांनी पोर्तुगीज तोफांच्या ठाण्यांवर मारा केला. दुसऱ्या दिवशी दमण मुक्त झालं. आज त्याच दमणमध्ये तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे.

गोवा मुक्तीनंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे आला. तोपर्यंत नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ कोइमतूरजवळ, म्हणजे समुद्रापासून दूर होता. १९६४ मध्ये तो दाबोळीला हलवला. ‘विक्रांत’वरची विमानं नौका बंदरात असताना इथेच उतरायची. म्हणून निवृत्तीनंतरही ती इथेच राहिली.

पंख दुमडलेले का असतात?

भाच्याचा हा पहिला प्रश्न होता. विमानवाहू नौका कितीही मोठी वाटली तरी तिच्यावर जागा कमीच असते. डेकखालच्या हँगरमध्ये विमान लिफ्टने न्यावं लागतं. त्यासाठी पंख वर दुमडतात. मोटरसायकल गर्दीत लावताना आपण आरसे आत वळवतो, तसाच हा प्रकार.

विमानाच्या शेपटीखाली एक आकडाही दिसतो. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. उतरताना आकडा तारेत अडकतो आणि विमान काही सेकंदांत थांबतं. आकडा चुकला तर वैमानिकाने पुन्हा उडायचं. उड्डाणाच्या वेळी उलटं होतं. वाफेच्या दाबावर चालणारी गलोल, म्हणजे कॅटापुल्ट, विमानाला पुढे फेकते.

सी हॉक जवळून पाहिलं तर आणखी एक गंमत कळते. बहुतेक लढाऊ जेट विमानांचा धूर शेपटीतून निघतो. सी हॉकमध्ये इंजिन एकच आहे, पण त्याचा झोत दोन भागांत विभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढला आहे. त्यामुळे शेपटीकडचा भाग इंधनासाठी मोकळा मिळाला.

अलिझे हे फ्रेंच बनावटीचं, पुढे एकच पंखा असलेलं तीन जणांचं विमान. त्याचं काम पाणबुड्या शोधणं. पोटातून खाली निघणारं रडार आणि पाण्यात टाकायची आवाज टिपणारी उपकरणं हीच त्याची खरी ताकद होती.

१९७१ मध्ये या विमानांनी काय केलं?

युद्धाच्या आधी ‘विक्रांत’च्या बॉयलरना तडे गेले होते, त्यामुळे ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. इथे वेगाला फार महत्त्व असतं. नौका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जोरात धावली की डेकवरून समोरून वारा मिळतो आणि विमान कमी अंतरात उचललं जातं. नौका हळू असेल तर तेवढा वारा मिळत नाही. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवण्यात आलं. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पुढच्या दिवसांत अलिझेही मोहिमेत होती. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली.

या विमानांनी किंमतही मोजली. १० डिसेंबरला पश्चिम किनाऱ्यावर गस्त घालणारं एक अलिझे पाकिस्तानच्या एफ-१०४ लढाऊ विमानाने पाडलं. त्यातले तिघे परतले नाहीत. अलिझेचा वेग जेटच्या तुलनेत फारच कमी. समोर जेट आलं तर पळून जाणं जवळपास अशक्य, हे त्या पंख्यासमोर उभं राहिलं की आपोआप समजतं.

सी हॅरियर जागेवरून वर कसं उडायचं?

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन सी हॅरियर दाबोळीला उतरली. मे २०१६ मध्ये इथेच त्यांना निरोप देण्यात आला. या विमानाच्या अंगाला दोन्ही बाजूंना मिळून चार तोट्या आहेत. पुढच्या दोन तोट्यांतून इंजिनाच्या पंख्याची थंड हवा, मागच्या दोनमधून गरम वायू बाहेर पडतो. तोट्या मागे वळवल्या की विमान पुढे जातं, खाली वळवल्या की हवेत तरंगतं.

मग ते नेहमी सरळ वरच का उडत नसे? कारण तसं करताना सगळं वजन फक्त इंजिनाच्या जोरावर उचलावं लागतं आणि इंधन, शस्त्रं कमी न्यावी लागतात. म्हणून उड्डाण चढत्या उतारावरून धावत आणि परत आल्यावर वजन कमी असताना उभ्याने उतरणं, अशी पद्धत होती.

ते तीन शेपट्यांचं भलंमोठं विमान कुठलं?

ते सुपर कॉन्स्टेलेशन. मूळ प्रवासी विमान, एअर इंडियाने १९५० च्या दशकात परदेशी मार्गांसाठी घेतलेलं. चार इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर. शेपूट एकच उंच ठेवली असती तर विमान त्या काळच्या हँगरमध्ये मावलं नसतं, म्हणून तीन बुटक्या शेपट्या. जेट विमानं आल्यावर ही विमानं हवाई दलाकडे गेली. पुण्याहून ती समुद्रावर टेहळणीला जात. १९७६ मध्ये ही जबाबदारी नौदलाकडे आली आणि विमानंही आली. प्रवासी सेवा, हवाई दल, नौदल अशा तीन नोकऱ्या केलेलं विमान भारतात क्वचितच बघायला मिळतं.

ही विमानं पुन्हा उडू शकतील का?

इथली नाही. संग्रहालयात ठेवताना इंधन आणि शस्त्रं काढून टाकलेली असतात. सुटे भाग मिळत नाहीत आणि सांगाड्याचं आयुष्य संपलेलं असतं. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला किंवा अमेरिकेतल्या ऑशकॉशला जुनी युद्धविमानं जमतात आणि उडतातही. पण त्यामागे स्वतंत्र कार्यशाळा आणि मोठा खर्च असतो.

भारतात हे काम हवाई दलाची ‘व्हिंटेज फ्लाइट’ करते. त्यांच्याकडचं ‘परशुराम’ नावाचं डकोटा विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये आलं. त्याच्यावरचा व्हीपी-९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाच्या आठवणीत दिला आहे. हवाई दल दिनाच्या संचलनात टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी विमानंही दिसली आहेत.

नुसतं उभं असलेलं विमान खराब का होतं?

इंजिनीअरिंगला धातूंचा अभ्यास करताना हा विषय कोरडा वाटला होता. विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. ताकदीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं आणि अशा मिश्रधातूला खारी हवा सोसत नाही. बारीक खड्डे पडतात. जिथे पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र येतात, तिथे ओल आणि मीठ मिळून छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. त्यात पावसाळा. पाणी साठतं, पक्षी इंजिनात घरटी करतात, उन्हाने टायर फाटतात आणि कॉकपिटची काच धुरकट होते.

डहाणूत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे खिडकीचे गज आणि सायकलच्या साखळ्या किती दिवस टिकतात, हे ठाऊक आहेच. उपाय माहीत आहेत: वेळच्या वेळी धुणं, रंग देणं, पाण्याचे निचरे मोकळे ठेवणं, चाकांवरचा भार टेकूंवर घेणं आणि शक्य तर छप्पर. यातलं एकही काम एकदा करून संपत नाही.

मग ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ का वाचल्या नाहीत?

याच कारणाने, फक्त हजारपट मोठ्या प्रमाणावर. ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ ते २०१२ ती मुंबईत संग्रहालय होती. मग सुरक्षेच्या कारणाने ते बंद झालं. तिला सांभाळण्याचा खर्च परवडणार नाही, अशी राज्य सरकारची भूमिका होती. न्यायालयात दाद मागूनही उपयोग झाला नाही. लिलावात ती सुमारे ६० कोटी रुपयांना गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तोडायला सुरुवात झाली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या ‘व्ही’ मोटरसायकलमध्ये वापरला गेला. तुमच्या गावातही ती एखाद्याच्या अंगणात उभी असेल.

‘विराट’साठी राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींचा संग्रहालय प्रकल्प मंजूर केला होता. तो झाला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती मुंबईहून अलंगला निघाली. आपल्या समोरच्या खंभातच्या आखातापलीकडेच तिचे तुकडे झाले.

दुसरीकडे विशाखापट्टणममध्ये ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून आणि टीयू-१४२ हे टेहळणी विमान २०१७ पासून समुद्रकिनारी लोकांसाठी खुलं आहे. तिथेही खारी हवाच आहे. फरक इतकाच की देखभालीची जबाबदारी शहराच्या विकास प्राधिकरणाने घेतली आणि तिकिटाचं उत्पन्न आहे.

पालघर जिल्ह्यात असं विमान येऊ शकेल का?

हा प्रश्न परतीच्या गाडीत आला. सैन्यदलं निवृत्त विमानं शिक्षणसंस्था आणि स्थानिक संस्थांना प्रदर्शनासाठी देतात. देशात अनेक चौकांत आणि महाविद्यालयांच्या आवारात मिग विमानं उभी आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ सेवेतून बाहेर पडलं. जव्हार-त्र्यंबकच्या घाटापलीकडे, नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात यातली शेकडो विमानं तयार झाली. त्यामुळे ‘एक आपल्याकडेही हवं’ अशी मागणी होणं साहजिक आहे.

पण विमान मिळवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पाचव्या वर्षी त्याला रंग कोण देणार? उद्घाटनाला फित कापणारे पुष्कळ मिळतात. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या आवारात विमान ठेवलं आणि त्याची देखभाल हाच विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग केला, तर गंज कसा चढतो आणि कसा रोखायचा हे मुलं हाताने शिकतील. विमानही टिकेल. तशी सोय नसेल, तर ते चौकात आणून सडवण्यापेक्षा मुलांची सहल गोव्याला नेलेली बरी.

जायचं कसं?

डहाणूहून वसई रोड गाठा. तिथे कोकण रेल्वेच्या अनेक गाड्या थांबतात, मडगावला उतरता येतं. मडगावहून वास्को आणि तिथून बोगमाळो रस्त्याने संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं. विमानं उघड्यावर असल्याने दुपार टाळा आणि पाणी, टोपी सोबत ठेवा. मुलांना आधी बाहेरची विमानं दाखवा आणि मग आतली दालनं. आधी प्रश्न पडले, की आतले फलक मुलं स्वतःहून वाचतात.