वाट बदलते, विठोबा तोच

कोणी म्हणतो, धर्म सनातन आहे, त्यात काडीचा बदल चालायचा नाही. कोणी म्हणतो, काळ बदलला, आता धर्म कशाला? दोघंही अर्धंच बोलतात. आपल्या वारकरी संप्रदायाकडंच बघा, म्हणजे उलगडा होईल.

गीता संस्कृतात होती. ज्याला संस्कृत येई, त्यालाच ती कळे. शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी ती मराठीत सांगितली. गीता बदलली का? नाही. ऐकणारा बदलला. नांगर धरणारा, जात्यावर बसणारी, सगळ्यांच्या कानी ती गेली. पुढं नकला करताना ग्रंथात चुकीचे पाठ शिरले, ते नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केले. म्हणजे धर्मात भरही पडते आणि कचराही साचतो. चाळणी हातात लागतेच.

आता वारी घ्या. वारी ज्ञानोबांच्याही आधीची. पण पालखी? ती तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सन १६८५ मध्ये सुरू केली. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला. बाबा शिंदे सरकारच्या पदरी सरदार. म्हणून दिंड्यांचा क्रम, घोडे, तळ, सगळं फौजेच्या शिस्तीचं. लढाईची रीत हरिनामाच्या कामी आली! आपण ज्याला अनादि समजतो, त्यातलं पुष्कळ असं कोणीतरी कधीतरी प्रेमानं जोडलेलं असतं.

पण मंडळी, काही रिती प्रेमाच्या नसतात. चोखोबारायांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळलं, त्याखाली चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापुढं समाधी बांधली. संतानं देवाच्या दारापर्यंत आणलं, पण दार उघडायला सहाशे वर्षं लागली. सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा कुठं देऊळ अस्पृश्य म्हटलेल्यांना उघडं झालं. "धर्म बुडेल" म्हणणारे तेव्हाही होते. बुडाला का? उलट, ज्याला आपण सहाशे वर्षं बाहेर ठेवलं, तो आत आला आणि देवाला आपलं लेकरू भेटलं.

मग कोणता बदल घ्यावा, कोणता सोडावा? कसोटी सोपी आहे. ज्या रितीनं माणूस देवाजवळ येतो, ती रीत नवी असली तरी आपली. ज्या रितीनं माणूस दारातून परत जातो, ती हजार वर्षांची असली तरी टाकावी. नदी पात्र बदलते, पाणी तेच वाहतं. चंद्रभागेत उतरताना कोणी पात्राला नमस्कार करत नाही, पाण्याला करतो.

यंदा महाद्वारी गेलात, की आधी चोखोबांच्या समाधीशी थांबा. डोकं टेका आणि स्वतःला विचारा, माझ्या घराच्या, माझ्या गावाच्या दारात आज कोण उभा आहे? बोला, रामकृष्णहरी!