काळे झालेले ऑइल

‘घर्षण कमी करण्याचे उपाय सांगा’ या प्रश्नाला ‘वंगण घालावे’ असे लिहिले की गुण मिळतो आणि विषय तिथेच संपतो. वंगण आत जाऊन नेमके करते काय, हे मुले विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. मला ते नीट उमगले ते एका जुन्या मारुती ८०० खाली पाठीवर पडून, ऑइल कोपरापर्यंत ओघळल्यावर. गाडीचे ऑइल आणि फिल्टर घरी बदलणे हे तासाभराचे काम. पण त्यात पाठ्यपुस्तकातले निदान चार धडे दडलेले आहेत.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले, तर आस फिरताच त्यातून ऑइल उलट वर येऊ लागले. त्याने लाकडी बूच ठोकले. तेही हळूहळू बाहेर ढकलले गेले. शेवटी त्याने दाबमापक जोडला, तेव्हा काटा भाराच्या सरासरी दाबाच्या दुपटीपलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच ऑइलला पाचरीसारख्या चिंचोळ्या फटीत ओढून नेतो आणि तिथे निर्माण झालेल्या दाबावर तरंगतो, हे गणिताने दाखवले ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी, १८८६ मध्ये. म्हणजे धातू धातूला घासतच नाही! गाडीच्या क्रँकशाफ्टखाली हा थर भरधाव वेगात अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन. थरापेक्षा मोठा कठीण कण आत शिरला की दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडा उठणार, हे उघड आहे. घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर असतो तो यासाठी.

मग ऑइल बदलायचे कशासाठी? ‘काळे झाले म्हणून’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. चांगल्या ऑइलमध्ये काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. ऑइल काळे दिसते ते आपले काम करत असल्यामुळेच. बिघाड वेगळा असतो. फळ्यावर ऑक्टेनच्या ज्वलनाचे समीकरण मांडून हिशेब करा: एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ धुरांड्यातून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. तिच्याबरोबर येणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून आम्ले होतात. ती उदासीन करण्यासाठी ऑइलमध्ये आम्लारिधर्मी द्रव्ये असतात, आणि ती हळूहळू संपतात. गाडी रोज शाळेपर्यंत दोनच किलोमीटर जात असेल, तर ऑइल पुरेसे तापत नाही आणि पाणी आतच राहते. म्हणून पुस्तिकेत किलोमीटरबरोबर मुदतही दिलेली असते. जे आधी येईल ते पाळावे.

डब्यावरच्या ‘२०डब्ल्यू-४०’ अशा आकड्यांनाही अर्थ आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतली श्यानता सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातली. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात बहुवारिकांच्या लांब साखळ्या मिसळतात. दाट ते चांगले, असा एक समज गॅरेजमध्ये ऐकू येतो. त्यावर जाऊ नये. पुस्तिकेत असेल तेच घ्यावे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. गाडी उचलावी लागली तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जॅक चाक बदलण्यासाठी असतो. तो निसटून माणसे दगावली आहेत. पक्के स्टँड नसतील तर हे काम गॅरेजलाच द्यावे, यात कमीपणा नाही. इंजिन चार-पाच मिनिटे मोकळ्या हवेत चालवून बंद करा. ऑइल कोमट झाले की पातळ होते आणि तळाची घाण घेऊन बाहेर पडते. कढत असेल तर मात्र हात भाजेल. वरचे झाकण उघडा, चेंबरखाली घमेले ठेवा, रिंग पान्याने प्लग सैल करा. प्लग परत बसवताना आटे आधी बोटांनी धरवावेत आणि वॉशर नवा घालावा. मऊ धातूचा वॉशर दाबला जाऊन फट बुजवतो, म्हणून तो एकदाच उपयोगी पडतो.

फिल्टर काढताना माझ्याकडून चूक झाली होती. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर बसवला. इंजिन सुरू करताच दोन रिंगांमधून ऑइलची पिचकारी उडाली. तेव्हा जुनी रिंग निघाल्याची खात्री करा, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, आणि रिंग टेकल्यावर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळा. ऑइल भरून इंजिन सुरू केले की नवा फिल्टर भरेपर्यंत लाल दिवा क्षणभर जळतो. तो विझला नाही तर लगेच इंजिन बंद करा. तो दिवा पातळी नव्हे, दाब दाखवतो. शेवटी बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहा.

घमेल्यातले तीन लिटर जळके ऑइल आता तुमचे आहे. गटारात ओतले तर? मुलांना घनफळाचे गणित घाला. पाण्यावर एक मायक्रॉन जाडीचा तवंग पसरला तर तीन लिटरमध्ये तीन हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण एकर तळे झाकले जाईल. त्यात धातूंचे कण असतात आणि ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगेही. म्हणून हातमोजे घालावेत. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण पावसाबरोबर ते मातीत उतरते. जुन्याच डब्यात भरून, फिल्टर रात्रभर निथळवून, दोन्ही मोठ्या गॅरेजमध्ये द्यावे. तिथून ते शुद्धीकरणासाठी जाऊ शकते.

देण्यापूर्वी एक थेंब गाळणकागदावर टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मधे काजळीचा डाग आणि भोवती फिकट वलये दिसतील. काजळी वलयांपर्यंत पसरली असेल, तर ऑइलमध्ये अजून जीव होता. सगळी मधेच गोळा झाली असेल, तर बदलायला उशीर झाला होता.