स्टिअरिंग जड झाले, की खांदा?

सावंतवाडीहून निघून दाणोली मागे पडली की आंबोलीचा घाट लागतो. पावसाळ्यात समोर धुके, खाली ओला रस्ता, धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग आणि एकामागून एक वळणे. आजच्या मोटारीत ही वळणे फारसा जोर न लावता घेता येतात. पण समजा, साठी ओलांडलेले एक गृहस्थ १९६०च्या दशकातली, हौसेने जपलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार घेऊन हा घाट चढले. वर पोहोचल्यावर चहाचा कप उचलतानाही त्यांचा खांदा ठणकतो. दहा वर्षांपूर्वी असे होत नव्हते. गाडी तीच, घाट तोच. मग जड काय झाले, स्टिअरिंग की खांदा?

अशा जुन्या गाड्यांना आता विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवता येते. हौशी मंडळींत यावरून दोन तट पडतात. काहींना तो गाडीचा अपमान वाटतो, तर काहींना सगळ्या दुखण्यांवरचा रामबाण उपाय. दोघांचेही एक राहून जाते. मोटर बसवण्याआधी गाडीची तपासणी हवी आणि चालवणाऱ्याचीही.

जोर का लागतो?

उभ्या गाडीचे चाक वळवताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी घासत फिरतो. म्हणून गाडी पार्क करताना स्टिअरिंग सर्वांत जड लागते. चाक थोडे जरी पुढे सरकले, तरी ते हलके होते. घाटातल्या यू आकाराच्या वळणावर वेग अगदी कमी होतो, तेव्हा हा जडपणा पुन्हा जाणवू लागतो. आंबोलीहून दाणोलीकडे उतरताना ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर येते आणि हातावरचा भार आणखी वाढतो.

जुन्या गाड्यांमध्ये यावर साधी युक्ती होती. स्टिअरिंगचे चाक मोठे आणि टायर अरुंद. हौसेपोटी नेमके हेच बदलले जाते. ४२ सेंटीमीटर व्यासाचे मूळ चाक काढून ३५ सेंटीमीटरचे बसवले, तर तेच वळण घ्यायला २० टक्के जास्त जोर लागतो. रुंद टायर त्यात भर घालतात. टायरमध्ये हवा कमी असेल, किंगपिनला ग्रीस पोहोचत नसेल किंवा अलाइनमेंट बिघडले असेल, तर स्टिअरिंग जड होणारच. हे दोष तसेच ठेवून वर मोटर बसवणे म्हणजे तापाचे कारण न शोधता रोज पॅरासिटामॉल घेत राहणे. अनेकदा मेकॅनिकच्या अर्ध्या दिवसाच्या कामात निम्मा प्रश्न सुटतो.

आता खांद्याकडे

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. खांद्याचा सांधा उथळ असतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम ‘रोटेटर कफ’ नावाचा चार स्नायूंचा गट करतो. वयानुसार या स्नायूंचे कंडरे झिजतात, काहींचे थोडे फाटतातही. रोजच्या कामात ते कळत नाही. जड स्टिअरिंग ओढताना हात छातीच्या वर उचलला गेला, की दुखणे उमटते. कंगवा फिरवताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना दुखणे आणि त्या कुशीवर झोपता न येणे, ही त्याची ओळखीची लक्षणे.

मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचे, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’चे प्रमाण जास्त असते. खांदा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाची रक्तशर्करा तपासली जाते, ती यासाठीच. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर मनगटातली नस दाबली गेलेली असू शकते. मानेपासून हातात कळ जात असेल, तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकते. यातले कोणतेही दुखणे पॉवर स्टिअरिंगने बरे होत नाही. फार तर त्याचा त्रास कमी जाणवतो आणि उपचार लांबतात.

सर्वांत धोक्याची गल्लत हृदयाच्या बाबतीत होते. खांद्याचे दुखणे बहुधा ठरावीक हालचालीला येते आणि तिथे दाबले की दुखते. हृदयाची कळ श्रमाबरोबर येते. छाती, जबडा किंवा हातात पसरते आणि काही मिनिटे थांबल्यावर ओसरते. सोबत दम, घाम किंवा मळमळ असू शकते. श्वास रोखून जड चाक ओढताना रक्तदाब एकदम चढतो, त्यामुळे अशी कळ नेमकी वळणावरच येऊ शकते. ‘स्टिअरिंग जड आहे’ म्हणून ती सोडून देऊ नये. दुखणे थांबत नसेल, किंवा एका हातातली ताकद अचानक गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर गाडी कडेला घेऊन १०८ला फोन करावा. स्वतः घाट उतरण्याचे धाडस करू नये. बायपास शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नये आणि जड स्टिअरिंगच्या बाबतीत ही परवानगी वेगळी विचारून घ्यावी.

मदत घेण्यात कमीपणा नाही

गाडी नीट केली, खांद्याचे निदान झाले, फिजिओथेरपी सुरू झाली आणि तरीही जोर कमी पडतो आहे, अशा वेळी पॉवर स्टिअरिंगचा विचार योग्य ठरतो. त्यात अपमान कसला? प्रवासी मोटारीत पॉवर स्टिअरिंग विक्रीला आले ते १९५१मध्ये, अमेरिकेच्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. १९६१ची जग्वार ई-टाइप त्याविना बाजारात आली, पण १९७१च्या तिसऱ्या आवृत्तीत कंपनीनेच ते बसवून दिले. विजेवर चालणारा प्रकार १९८८मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आला. जुन्या गाडीत आज बसवला जातो तो बहुधा हाच प्रकार.

त्याचे काम सोपे आहे. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळी असते. चालकाने जोर लावला की ती किंचित पिळली जाते. सेन्सर हा पीळ मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात हातभार लावते. हे सगळे डॅशबोर्डखाली बसते, त्यामुळे बाहेरून गाडीचे रूप बदलत नाही. मात्र वीज लागते आणि सर्वांत जास्त लागते ती गाडी जागेवर वळवताना. जुन्या गाडीचा डायनॅमो नेमका तेव्हाच, इंजिन मंद चालू असताना, कमी वीज देतो. म्हणून आधी अल्टरनेटर आणि चांगली बॅटरी हवी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तेही पाहावे लागते. दांडा कापून जोडण्याचे काम कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे कधीही देऊ नये. तो जोड तुटला तर दरी समोरच असते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर बंधने आहेत. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. म्हणून काम सुरू करण्याआधी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

काम झाल्यावर एक चाचणी चुकवू नये. मोकळ्या सपाट मैदानात, मेकॅनिकला शेजारी बसवून, पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढावा आणि गाडी चालण्याच्या वेगाने पूर्ण वळवून पाहावी. मोटर बंद पडली की तिचाही थोडा भार हातावर येतो. त्या भारासकट चाक वळले, तर घाटात मदत अचानक थांबली तरी गाडी ताब्यात राहील. वळले नाही, तर घाटात त्या चाकामागे दुसऱ्या कुणी बसावे. शेजारच्या आसनावरूनही आंबोलीचे धुके तितकेच छान दिसते.