पाण्यातून रबरी बोटीत चढताना

पूर आला की वस्तीत रबरी बोट येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने ती पाहिली, जुलै २०२१ मध्ये चिपळूणने. नदीकाठच्या सखल वस्तीत राहणाऱ्या बंधू-भगिनींवर तिच्यात बसण्याची वेळ कधीही येऊ शकते. बसायचे कसे, हे जवान सांगतात. पण तोल जाऊन पाण्यात पडलो, तर परत वर कसे यायचे?

दोरी धरून हातांच्या जोरावर वर येऊ, असे वाटते. पोती उचलणाऱ्या धडधाकट हमालालाही ते जड जाते. बोटीची कड म्हणजे फुगलेली, गोल, ओली ट्यूब. तिच्यावर पकड बसत नाही, पाय बोटीखाली सरकतात आणि टेकायला काहीच नसते. पाण्यात असेतो अंग हलके वाटते. बाहेर येऊ लागले की सगळे वजन परत येते, भिजलेल्या लुगड्याचे वेगळेच. दोन-तीनदा लोंबकळले की दंड भरून येतात.

म्हणून आधी पाय वर आणावेत. कडेची दोरी दोन्ही हातांनी धरून पोटावर आडवे व्हावे, जोरात पाय मारावेत आणि त्याच झटक्यात अंग ट्यूबवर ओढावे. पोट ट्यूबवर आले की काम झाले. मग डोके खाली घालून आत कोलमडले तरी चालते; तिथे लाज कसली? मात्र मागच्या इंजिनाच्या पंख्यापासून दूर राहावे. बोट आणि झाड किंवा भिंत यांच्या मध्ये तर मुळीच सापडू नये.

आत बसलेल्यांनी एकदम एका बाजूला धावू नये, बोट उलटेल. दोघांनी कडेशी गुडघे टेकावेत, बाकीच्यांनी पलीकडे बसून राहावे. नुसता हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. लाइफ जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरावेत आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत माणसाला जरासे खाली दाबावे. जॅकेट उसळी देते. त्या उसळीसरशी आत घ्यावे.

तरीही जमले नाही तर उगाच झटापट करू नये. जॅकेट अंगावर ठेवून दोरी धरून राहावे. आतल्यांनी पट्टा सोडू नये. बोट सावकाश उथळ पाण्याकडे नेता येते.

आपल्याकडे मुलगे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मुली बहुधा काठावरच राहतात. बोटीत मात्र आधी बायका-मुलांनाच बसवतात. उन्हाळ्यात पट्टीच्या पोहणाऱ्याला सोबत घेऊन, ट्रकच्या ट्यूबवर पोटावर चढण्याचा सराव मुलींनाही करू द्यावा.