पवईच्या फाटकाआत

मुलांनो, कांजूरमार्गहून अंधेरीकडे बसने जाताना पवई तलावाजवळ एक मोठं फाटक लागतं. आत गर्द झाडी दिसते. ती आपली आयआयटी! ते फाटक दिसलं, की बरोबरचं मोठं माणूस हमखास म्हणतं, "नीट अभ्यास कर, म्हणजे इथे जाशील." तुम्ही मान डोलावता, पण मनात येतंच ना, 'आणि परीक्षेत नापास झालो तर?'

म्हणून आधी एक खरी गोष्ट ऐका. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात १८५५ साली तंत्रशिक्षणाची एक मोठी संस्था सुरू झाली. १८९५ साली सोळा वर्षांचा एक मुलगा तिच्या प्रवेश परीक्षेला बसला. गणितात आणि पदार्थविज्ञानात तो चमकला. पण बाकीच्या विषयांत घसरला. प्रवेश मिळाला नाही! मग आराऊ नावाच्या गावी जाऊन तो वर्षभर शाळेत शिकला आणि १८९६ साली त्याच संस्थेत दाखल झाला. पुढे १९१२ साली तो तिथेच प्राध्यापक म्हणून परतला. कोण होता तो मुलगा? अल्बर्ट आइन्स्टाइन!

आता पुन्हा पवईला येऊ या. आपली आयआयटी १९५८ साली सुरू झाली. तेव्हा पवईत इमारतीच नव्हत्या. पहिले विद्यार्थी वरळीला शिकत. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला पायाभरणी केली.

या फाटकाआत चालतं तरी काय? नुसता अभ्यास आणि परीक्षा? छे! २००७ साली सप्तर्षी बंदोपाध्याय आणि शशांक तामसकर या दोन विद्यार्थ्यांनी ठरवलं, की आपण स्वतः उपग्रह बनवायचा. त्याचं नाव 'प्रथम'. वजन जेमतेम दहा किलो, म्हणजे दोन-तीन दप्तरांएवढं! पण काम महत्त्वाचं. रिक्षावाले काका मोबाइलवर रस्ता बघतात ना? त्यासाठीचे संदेश उपग्रहांकडून येतात. वाटेत, वातावरणाच्या वरच्या थरात, इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यामुळे संदेशाला किंचित उशीर होतो आणि जागा थोडी चुकीची दाखवली जाते. हे इलेक्ट्रॉन किती आहेत, ते 'प्रथम'ने मोजायचं होतं.

उपग्रह एकदा वर गेला, की तिथे पाना-पक्कड घेऊन कोण जाणार? म्हणून सगळं इथेच पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. रॉकेटचे हादरे सोसतील का? कडक ऊन आणि कडाक्याची थंडी चालेल का? यात वर्षं गेली. बी.टेक. चार वर्षांचं असतं. सुरुवात करणारे शिकून बाहेर पडले, नवे आले, तेही गेले. रिले शर्यतीत दांडू हातातून हातात जातो ना, तस्संच! अखेर २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने 'प्रथम'ला अंतराळात नेलं. सुरुवातीपासून नऊ वर्षांनी!

माझ्या चौथीच्या वर्गात गणित चुकलं, की मुलं पटकन खोडरबर काढतात. मी सांगते, "खोडू नका रे. शेजारी पुन्हा सोडवा. कुठे चुकलं ते दिसू दे." पवईच्या त्या मुलांनीही हेच केलं असणार. त्याशिवाय का नऊ वर्षं लागतात?

आणि आई-बाबांनो, पुढच्या वेळी बस त्या फाटकाजवळ आली, की "इथे जाशील" म्हणण्याऐवजी 'प्रथम'ची गोष्ट सांगा. मग विचारा, "तुला काय बनवून बघावंसं वाटतं?" उत्तर कदाचित लगेच येणार नाही. घाई करू नका!