राजधानीच्या वेशीवर, तंबूच्या मुक्कामी

वॉशिंग्टन डी.सी. या शहराची एक गंमत आहे. स्मिथसोनियन संस्थेची तेथील संग्रहालये आणि प्राणिसंग्रहालय पाहण्यास पैसे लागत नाहीत. लिंकनचे स्मारकही सर्वांना खुले आहे. पण दिवसभर हे वैभव पाहून रात्री पाठ टेकायची म्हटली, की हॉटेलच्या दरांनी डोळे पांढरे होतात. मार्चअखेर चेरीचा बहर सुरू झाला, की ते दर आणखी चढतात. मुलाबाळांसह चार दिवस राहणाऱ्या कुटुंबाचा मोठा खर्च केवळ निवाऱ्यावर होतो.

यावर एक उपाय शहराच्या मध्यभागापासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे. मेरिलँड राज्यातील 'ग्रीनबेल्ट पार्क' हे सुमारे अकराशे एकरांचे वनक्षेत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात असून, तेथे तंबू ठोकून किंवा मुक्कामाची गाडी उभी करून राहता येते. तळावर १७०च्या आसपास जागा आहेत. भाडे माणशी नव्हे, तर जागेमागे आकारले जाते आणि अलीकडच्या वर्षांत ते रात्रीला वीस डॉलरच्या घरात राहिले आहे. एवढ्या पैशात शहरात साध्या मोटेलची खोलीही मिळत नाही.

रान कसे वाचले?

ही जमीन रिकामी कशी राहिली, याची कथा महामंदीच्या काळात सुरू होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५मध्ये पुनर्वसन प्रशासन स्थापन केले. रेक्सफर्ड टगवेल हे त्याचे प्रमुख. बेकारांना काम आणि कमी मिळकतीच्या कुटुंबांना घरे देण्यासाठी, भोवती हिरवा पट्टा असलेली नगरे वसवावीत, ही त्यांची कल्पना. एबनेझर हॉवर्ड या इंग्रज विचारवंताने मांडलेल्या उद्याननगरीचा तीवर प्रभाव होता. अशी तीन नगरे उभी राहिली. त्यांपैकी मेरिलँडमधील ग्रीनबेल्टमध्ये १९३७च्या सप्टेंबरअखेर पहिली कुटुंबे राहण्यास आली.

तंबाखूच्या पिकाने कस गेलेली आजूबाजूची जमीनही सरकारने याच योजनेसाठी घेतली होती. तिच्यावर वस्ती झाली नाही आणि १९५०मध्ये ती उद्यान सेवेकडे सोपविण्यात आली. शेती थांबल्यावर तेथे आधी पाइन उगवले, मग त्यांच्या सावलीत ओक वाढले. आज आपण ज्या झाडांखाली तंबू ठोकतो, ती अशी पडीक शेतावर आपोआप उभी राहिलेली आहेत.

या कथेला एक काळी बाजूही आहे. हे नगर बांधणाऱ्या मजुरांत कृष्णवर्णीयही होते. पण प्रारंभी तेथील घरे केवळ गोऱ्या कुटुंबांना देण्यात आली. आज त्याच योजनेच्या जमिनीवर कोणीही, कोणत्याही वर्णाचा माणूस, जागेचे भाडे भरून निजू शकतो, हा बदल लहान नाही.

मुक्कामाचे व्यवहार

येथे ऐषारामाची अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक जागेला मेज आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते; स्वच्छतागृहे, स्नानगृहे व पिण्याचे पाणी सामायिक असते. गाडीला वीज वा नळ जोडण्याची सोय नाही. आरक्षण सरकारच्या संकेतस्थळावरून होते. दुरुस्तीसाठी काही भाग बंद असू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी सद्यःस्थिती पाहून घ्यावी. बासष्ट वर्षांवरील अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ज्येष्ठ नागरिक पासावर भाड्यात सवलत मिळते. पर्यटक व्हिसावर मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना मात्र हा पास मिळत नाही.

शहरात जाताना मोटार तळावरच ठेवणे शहाणपणाचे. कॉलेज पार्क आणि ग्रीनबेल्ट ही मेट्रोची स्थानके जवळ आहेत. तेथवर टॅक्सीने जाऊन ग्रीन लाइनची गाडी पकडली, की 'आर्काइव्ह्ज' स्थानकावर उतरून संग्रहालयांपर्यंत पायी जाता येते. पार्किंगची शोधाशोध वाचते.

सरपण बाहेरून आणू नये. लाकडातून पसरणाऱ्या, अ‍ॅश वृक्षांना मारणाऱ्या हिरव्या भुंग्याचा शिरकाव याच परिसरात २००३मध्ये आढळला होता. गवतातील गोचिडींमुळे लाइम रोगाचा धोका असतो. फिरून आल्यावर अंग तपासावे. तीन-तीन पानांच्या 'पॉयझन आयव्ही' वेलीला हात लावू नये. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा तंबूत असह्य होतो. मे किंवा ऑक्टोबर अधिक बरा. उद्यानाच्या कडेने जाणारी सुमारे साडेआठ किलोमीटरची पायवाट सकाळी आवर्जून चालावी.

निःशब्द अरण्याची कल्पना करून गेल्यास निराशा होईल, कारण लगतच्या महामार्गांचा घरघराट रात्रीही ऐकू येतो. तथापि तोच आवाज या जागेचे मोलही सांगतो. महामार्गांनी वेढलेली, राजधानीला खेटलेली ही जमीन विकली असती, तर सरकारला केवढी रक्कम मिळाली असती! ती न विकता सामान्य प्रवाशासाठी राखली गेली, म्हणून बेताच्या कमाईचे कुटुंबही आपल्या देशाची राजधानी चार दिवस निवांत पाहू शकते. मोकळी सार्वजनिक जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे, हे तंबूतील एका रात्रीत सहज पटते.